८० रकाने, २४ ओळी

लिनक्सच्या संगणकावर ग्नोमचे किंवा एक्सएफसीईचे टर्मिनल काहीही न बदलता उघडले, तर समोर येणाऱ्या विंडोत आडवी ८० अक्षरे मावतात आणि उभ्या २४ ओळी. चार दशके वापरात असलेल्या एक्सटर्मचे मापही हेच, आणि लिनक्सच्या बाहेर ॲपलच्या मॅकवरचे टर्मिनलही याच मापाने उघडते. अक्षरांची घरे मोजली तर १,९२० भरतात. आजच्या साध्या पडद्यावर १,९२० बाय १,०८० बिंदू असतात. आठ बिंदू रुंद आणि सोळा बिंदू उंच अशा नेहमीच्या अक्षरांनी तो पूर्ण भरला तर आडवी २४० अक्षरे आणि ६७ ओळी, म्हणजे १६,००० हून जास्त घरे होतात. उघडणारी विंडो त्यातला आठवा हिस्सादेखील व्यापत नाही. हा आकडा आला कुठून, याचे सर्रास दिले जाणारे उत्तर असे की जुन्या यंत्रांची ताकद कमी होती, मेमरी महाग होती, चित्रनळी लहान होती, म्हणून तेवढेच मावत होते. पुढे यंत्रे सुधारली, पण सवय तीच राहिली. हे उत्तर पटकन पटते, पण उपलब्ध पुराव्याशी त्याचा मेळ बसत नाही. ८० हा आकडा संगणकाचा पडदा येण्याच्या आधीच, दोन कंपन्यांच्या चढाओढीतून ठरला. २४ हा आकडा त्यांपैकी एका कंपनीने आपल्याच आधीच्या यंत्राशी जुळवून घेताना आला. आणि हे दोन्ही टिकले, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यांच्यावर विसंबून वर्षानुवर्षे काम रचले म्हणून. यंत्राची मर्यादा या कथेत आहे, पण ती दुय्यम आहे.

८० चे मूळ कार्डात आहे. हर्मन हॉलरिथ या अभियंत्याने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी माणसांची माहिती कार्डावर भोके पाडून नोंदवण्याची आणि ती भोके विजेच्या साहाय्याने मोजण्याची यंत्रे पुरवली. त्याची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या समूहाने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. तोवर कार्डावर गोल भोकांचे ४५ रकाने असत. प्रतिस्पर्धी होता जेम्स पॉवर्स याने उभा केलेला व्यवसाय, जो १९२७ मध्ये रेमिंग्टन रँडकडे गेला. गिऱ्हाइकांना एका कार्डावर जास्त माहिती हवी होती, पण कार्ड मोठे करता येत नव्हते, कारण ७.३७५ बाय ३.२५ इंचांच्या त्या कार्डासाठी बनलेली कपाटे आणि यंत्रे कचेऱ्याकचेऱ्यांत बसलेली होती. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी क्लेअर लेक आणि रॉयडन पिअर्स या दोन संशोधकांना हे काम स्वतंत्रपणे दिले. लेकने गोल भोकांऐवजी अरुंद, उभी आयताकृती भोके सुचवली. अशी भोके एकमेकांजवळ बसतात, त्यामुळे त्याच लांबीत ८० रकाने मावले. १९२८ मध्ये हे कार्ड बाजारात आले. रेमिंग्टन रँडने १९३० मध्ये ४५ रकान्यांचे दोन मजले करून ९० रकान्यांचे कार्ड आणले. म्हणजे त्या काळात ८० ला पर्याय होता, तो विकलाही जात होता आणि त्यावर जास्त माहिती मावत होती. तरीही ८० जिंकले, कारण यंत्रे भाड्याने देण्याच्या धंद्यात आयबीएमचा वाटा फार मोठा होता, आणि भाडेकरूने कार्डेही आयबीएमचीच घ्यावीत अशी अट होती. ही अट बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये दिला, पण तोवर ८० रकाने दफ्तरी व्यवहारात मुरले होते. एवढ्या साऱ्या घडामोडीत माणसाच्या डोळ्याला किती लांबीची ओळ वाचायला सोपी जाते, हा प्रश्न कुठेच उपस्थित झाला नव्हता. ही कार्डे वाचत होते ते धातूचे ब्रश.

संगणक आले तेव्हा हेच कार्ड त्यांच्यात माहिती भरण्याचे मुख्य साधन झाले, आणि कार्डाचे माप प्रोग्रॅमच्या भाषेत शिरले. आयबीएमने १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आणली. तिच्यात पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सात ते बहात्तर खऱ्या विधानासाठी आणि उरलेले आठ कार्डांचा क्रम लावण्यासाठी राखलेले होते. ७२ ची मर्यादा आयबीएम ७०४ या यंत्राच्या कार्डवाचकामुळे आली. ३६ बिटांचे दोन शब्द एका दमात वाचायची त्याची रीत असल्यामुळे शेवटचे आठ रकाने तो पाहतच नसे. यंत्र बदलले, वाचक बदलले, पण फोरट्रानच्या ओळीची ही वाटणी पुढे अनेक दशके चालली, आणि कोबोलनेही जवळपास तशीच वाटणी स्वीकारली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसलेला सीडीसी ३६०० हा संगणक आयबीएमचा नव्हता, तरी त्यालाही काम द्यायचे ते कार्डांच्या गठ्ठ्यातून. एका कंपनीचे माप उद्योगाचे माप होते म्हणजे काय होते, ते इथे दिसते: प्रतिस्पर्ध्यालाही ते मानावे लागते, कारण गिऱ्हाइकाकडची कार्डे आधीच त्या मापाची असतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो. टाइपरायटर एका इंचात दहा अक्षरे उमटवतो, अमेरिकी पत्रव्यवहाराचा कागद साडेआठ इंच रुंद असतो, तेव्हा थोडा समास सोडला की ८० अक्षरे सहज येतात; मग कार्डापर्यंत जायची गरज काय? आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण कागदावर छापणारी त्या काळची यंत्रे पाहिली की तो टिकत नाही. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र १९६० च्या दशकात संगणकाशी संवाद साधण्याचे सर्वांत स्वस्त साधन होते. युनिक्सच्या पहिल्या आवृत्त्या बेल लॅबोरेटरीजमध्ये घडल्या त्या अशाच टेलिटाइपांसमोर. या यंत्राची ओळ ७२ अक्षरांची होती. दुसरीकडे मोठ्या कार्यालयांतले आयबीएम १४०३ हे ओळछपाई यंत्र १३२ अक्षरे छापी. कागदाने माप ठरवले असते तर ते ७२ किंवा १३२ ठरले असते. या दोन्ही आकड्यांनी आपला ठसा सोडलाही: इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांची ओळ ७२ अक्षरांची ठेवायचा रिवाज पडला आणि नंतरच्या टर्मिनलांत १३२ रकान्यांचा पर्याय आला. पण मुख्य माप ८० च राहिले.

आता पडदा. तंत्रज्ञानाच्या मर्यादेचे उत्तर खरे असते, तर सुरुवातीच्या पडद्यांची मापे एकसारखी, निदान जवळजवळ सारखी असायला हवी होती, कारण सर्वांना त्याच चित्रनळ्या आणि त्याच किमतीची मेमरी मिळत होती. प्रत्यक्षात काय दिसते? युनिव्हॅकचा युनिस्कोप ३०० १६ ओळी आणि ६४ रकान्यांचा. १९६९ चा डेटापॉइंट ३३०० २५ ओळी आणि ७२ रकान्यांचा, म्हणजे टेलिटाइपची रुंदी पडद्यावर आणलेला. १९७० चा हेझलटाइन २००० २७ ओळी, ७४ रकाने. त्याच वर्षीचा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा, म्हणजे डेकचा, व्हीटी ०५ २० ओळी, ७२ रकाने. टेक्ट्रॉनिक्स ४०१० मध्ये ३५ ओळी आणि ७४ रकाने. १९७३ मध्ये डॉन लँकेस्टर यांनी हौशी मंडळींसाठी प्रसिद्ध केलेल्या टीव्ही टाइपरायटरमध्ये १६ ओळी आणि ३२ रकाने. ही यादी आणखी लांबवता येईल, पण मुद्दा एवढ्यानेच स्पष्ट होतो. अभियंत्यांपुढे मोकळे मैदान होते आणि जो तो आपापले माप निवडत होता. त्यांतली बरीचशी मापे तितकीच उपयोगी होती. दहा वर्षांच्या आत टर्मिनलांतली ही विविधता बहुतांशी संपली. ती का संपली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चित्रनळीत शोधून सापडत नाही.

ते आयबीएमच्या दोन पडद्यांत सापडते. १९६४ मध्ये सिस्टिम ३६० या संगणकांबरोबर आयबीएमने २२६० हा पडदा जाहीर केला. त्याची मेमरी आज अद्भुत वाटावी अशी होती. निकेलच्या लांब तारेची गुंडाळी करायची, तिच्या एका टोकाला क्षणभर पीळ देऊन कंप सोडायचा, तो तारेतून दुसऱ्या टोकाला पोहोचला की उचलून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. पडद्यावरची अक्षरे अशी तारेतल्या कंपनांच्या रूपाने सतत फिरत राहत. मेमरीची ही गुंतागुंत पडद्यापासून दूर, एका मोठ्या नियंत्रक कपाटात असे आणि एक कपाट अनेक पडद्यांना पुरे. मेमरीच्या या रचनेमुळे पडदे ठरावीक टप्प्यांत मिळत: २४०, ४८० किंवा ९६० अक्षरांचे. सर्वांत मोठा १२ ओळी आणि ८० रकान्यांचा. रुंदी ८० ठेवण्याचे कारण उघड आहे: बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्याकडची माहिती ८० रकान्यांच्या कार्डांवर होती आणि पडद्याच्या एका ओळीत एक कार्ड जसेच्या तसे दिसत होते. १९७१ मध्ये आयबीएमने २२६० च्या जागी ३२७० ही मालिका आणली. तारा गेल्या, अर्धवाहकांच्या चिप आल्या, मेमरीचे जुने बंधन उरले नाही. तरीही त्या मालिकेतल्या ३२७७ पडद्याचे दोन आकार होते १२ ओळी व ४० रकाने, आणि २४ ओळी व ८० रकाने. पहिला आकार जुन्या ४८० अक्षरांचाच, दुसरा जुन्या ९६० च्या बरोबर दुप्पट. नव्या चिपांना २७ ओळी जमल्या असत्या, ३० जमल्या असत्या. पण २२६० साठी लिहिलेले प्रोग्रॅम १२ ओळींच्या पानात विचार करत होते, आणि २४ ओळींच्या पडद्यावर तशी दोन पाने नेमकी बसतात. २४ चा याहून सरळ खुलासा मला दिसत नाही.

मेमरीचा आक्षेप इथे पुन्हा येतो, अधिक नेमक्या रूपात. १,९२० अक्षरे २,०४८ च्या आत बसतात, आणि २,०४८ हा दोनचा घात असलेला सोयीचा आकडा आहे. तेव्हा २ किलोबाइटच्या मेमरीनेच २४ ओळी ठरवल्या, असे म्हटले जाते. पण ज्याला २,०४८ घरे भरायची आहेत तो १२८ घरे मोकळी का सोडेल? ६४ रकाने आणि ३२ ओळी केल्या तर मेमरीचा कण न् कण कामी येतो. युनिस्कोपच्या १६ बाय ६४ या मापाने १,०२४ चा पुरा उपयोग केलाच होता. ८० रकाने धरून चालले तरी २५ ओळींची २,००० घरे त्याच मेमरीत बसतात, आणि आयबीएमच्याच पर्सनल कॉम्प्युटरने १९८१ मध्ये २५ ओळी दिल्या. मेमरीचा हिशेब ८० बाय २४ शक्य होते एवढेच सांगतो. ते माप निवडले का गेले, हे तो सांगत नाही. चित्रनळीच्या चार-तीन प्रमाणाबद्दलही हेच म्हणावे लागते. त्या प्रमाणात ६४ बाय १६ बसते, ७४ बाय ३५ बसते, ७२ बाय २० बसते. अक्षर थोडे उंच किंवा थोडे रुंद केले की झाले.

तरी आयबीएमच्या ३२७० मधून लिनक्सच्या विंडोपर्यंत सरळ रस्ता जात नाही. ३२७० मालिका मोठ्या संगणकांच्या जगातली. युनिक्सचे जग डेकच्या लहान संगणकांभोवती वाढले. डेकची वाटचाल मात्र फार बोलकी आहे. १९७० मध्ये ७२ रकाने आणि २० ओळी असे स्वतंत्र माप घेणाऱ्या या कंपनीने १९७४ च्या व्हीटी ५० मध्ये ८० रकाने आणि १२ ओळी घेतल्या, म्हणजे थेट २२६० चे माप. पुढच्याच वर्षी व्हीटी ५२ मध्ये ८० बाय २४. लिअर सीग्लर या कंपनीच्या एडीएम-३ मध्येही १२ ओळी मूळच्या आणि २४ ओळी जादा पैसे मोजून, असा प्रकार होता. चार वर्षांत चित्रनळ्या बदलल्या नव्हत्या, बदलला होता बाजार. पडदा विकत घेणारी संस्था आयबीएमच्या पडद्याशी तुलना करत होती, आणि तिच्यापुढे ७२ रकाने ठेवणे म्हणजे उणेपणा कबूल करणे होते. १९७८ मध्ये डेकचा व्हीटी १०० आला. तो ८० बाय २४ होताच, शिवाय १३२ रकान्यांतही दाखवू शकत होता. कर्सर हलवण्यासाठी, अक्षरे ठळक करण्यासाठी, पडदा पुसण्यासाठी जे संकेत पाठवायचे त्यांचे राष्ट्रीय मानक अमेरिकेत त्याच सुमारास ठरत होते, आणि व्हीटी १०० त्या मानकाप्रमाणे चालणारा पहिला लोकप्रिय पडदा ठरला. इतर कंपन्या त्याची नक्कल करू लागल्या. आज लिनक्सवरचे जवळजवळ प्रत्येक टर्मिनल जी भाषा बोलते ती मुळात या यंत्राची आहे.

इथून कथेचा केंद्रबिंदू यंत्राकडून प्रोग्रॅमकडे सरकतो. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी एडीएम-३ए या टर्मिनलासमोर बसून व्हीआय हा संपादक लिहिला. कर्सर हलवायला बाणांऐवजी मधल्या ओळीतली चार अक्षरे वापरायची त्याची रीत त्या टर्मिनलाच्या कळफलकावरच्या खुणांतून आली. पण वेगवेगळ्या विद्यापीठांत वेगवेगळे पडदे होते, म्हणून जॉय यांनी टर्मकॅप नावाची एक नोंदवही केली. प्रत्येक जातीच्या टर्मिनलाची एक नोंद: त्याला कोणते संकेत समजतात, रकाने किती, ओळी किती. प्रोग्रॅम सुरू होताना टर्मिनलाचे नाव विचारायचा, नोंदवही उघडायचा आणि त्या मापाप्रमाणे पडदा आखायचा. व्हीटी १०० च्या नोंदीत रकाने ८०, ओळी २४. या क्षणापासून ते माप यंत्राचा गुणधर्म एवढ्यापुरते राहिले नाही. टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्यातला तो करार झाला. टर्मिनल म्हणते, माझ्याकडे एवढी घरे आहेत. प्रोग्रॅम त्यावर विश्वास ठेवून एकविसाव्या ओळीत सूचना आणि चोविसाव्यात स्थिती मांडतो. करार मोडला तर अक्षरे भलत्याच ठिकाणी पडतात. हा विश्वास किती दृढ होता, ते आयबीएमच्याच पुढच्या वागण्यात दिसते. ३२७८ या पडद्याचे ३२ ओळींचे, ४३ ओळींचे आणि १३२ रकान्यांचे प्रकार कंपनीने विकले. मेमरी स्वस्त झाली होती, यंत्र तयार होते, तरी त्या पडद्यांसाठीचे बहुसंख्य प्रोग्रॅम २४ बाय ८० च्या चौकटीतच लिहिले जात राहिले. तंत्राची मर्यादा संपल्यावरही माप टिकते याचा यापेक्षा थेट पुरावा शोधायची गरज नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एक्स या विंडो यंत्रणेवर काम सुरू झाले. त्या कामातले एक अभियंते जिम गेटिस यांचा विद्यार्थी मार्क व्हँडेव्हूर्ड याने व्हीटी १०० च्या कुळातल्या पडद्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो पुढे एक्समध्ये आला. तोच एक्सटर्म. त्या क्षणी टर्मिनल ही वस्तू राहिली नव्हती. ती पडद्यावर रेखाटलेली आकृती होती आणि तिला कोणतेही माप देता आले असते. तरी तिने ८० बाय २४ घेतले, कारण तिच्या आत चालणारे प्रोग्रॅम त्या मापाची अपेक्षा करत होते. पण विंडोला माउसने ओढून लहानमोठे करता येते, आणि टर्मकॅपची नोंद तर स्थिर. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यास बर्कलीच्या युनिक्समध्ये करारात एक नवे कलम आले: कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, प्रत्येक टर्मिनलाचे चालू माप स्वतःजवळ ठेवील, आणि ते बदलले की आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला संकेत पाठवील. या कलमाविषयी मला विशेष आदर वाटतो. जुन्या प्रोग्रॅमांचे काहीही न मोडता, माप बोलून बदलण्याची सोय त्याने केली. जो प्रोग्रॅम संकेत ऐकतो तो नव्याने आखणी करतो. जो ऐकत नाही तो जुन्या मापात चालत राहतो.

लिनक्सचा या सगळ्याशी असलेला संबंध वारशापुरता नाही, तो जन्माचा आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ जातीचा संगणक घेतला आणि हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून बोलण्यासाठी स्वतःचा टर्मिनल प्रोग्रॅम लिहायला घेतला. एक धागा मोडेमकडून वाचून पडद्यावर लिहिणार, दुसरा कळफलकाकडून वाचून मोडेमला पाठवणार. या प्रोग्रॅमला फाइली साठवता याव्यात म्हणून डिस्कची सोय आली, आणि वाढत वाढत त्याचे कर्नल झाले. म्हणजे लिनक्सची सुरुवातच टर्मिनलाची नक्कल करण्यापासून आहे. ज्या संगणकावर हे घडले त्याचा पडदा आयबीएमच्या वंशातला होता, म्हणून लिनक्सचा साधा कन्सोल ८० बाय २५ झाला. विंडोत उघडणारे टर्मिनल डेकच्या वंशातले, म्हणून ते ८० बाय २४.

आजच्या लिनक्सवर हा करार किती जिवंत आहे हे तपासायला जुन्या वस्तुसंग्रहालयात जावे लागत नाही. कर्नलची जडणघडण ठरवणारा मेनूकॉन्फिग हा प्रोग्रॅम ८० रकान्यांहून अरुंद किंवा १९ ओळींहून बुटक्या टर्मिनलात चालायला नकार देतो. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएचच्या २००६ च्या मानकात, जोडणी करताना टर्मिनलाची रुंदी आणि उंची कळवण्याची जी जागा आहे तिथे उदाहरणादाखल दिलेले आकडे ८० आणि २४ च आहेत. आपल्या टर्मिनलाचे माप बदलायचे असेल तर ते सोपे आहे. ग्नोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीच्या आकाराचे दोन आकडे भरायचे. एक्सटर्मला आज्ञेबरोबर किंवा एक्सच्या संसाधन फायलीत माप सांगायचे. एसटीटीवाय ही आज्ञा कर्नलला सध्या कोणते माप माहीत आहे ते दाखवते. नवे माप कर्नलमार्फत आणि एसएसएचमार्फत पुढे कळवले जाते, म्हणून १२० बाय ४० ठेवणाऱ्याचे सहसा काही अडत नाही. ज्याला दिवसभर लांब ओळींच्या नोंदी वाचायच्या आहेत त्याने विंडो मोठी करूनच ठेवावी. पण प्रत्येकाने स्वतःसाठी माप निवडणे आणि प्रोग्रॅमने न विचारता गृहीत धरलेले मूळ माप बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माप विचारूनही उत्तर मिळाले नाही, जसे सिरियल तारेवरून जोडलेल्या यंत्रात होते, तर प्रोग्रॅम कशावर तरी टेकणारच, आणि तो ज्यावर टेकतो ते ८० बाय २४ आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वाचनाच्या बाजूने येतो. छपाईच्या जाणकारांच्या मते पुस्तकाची ओळ साधारण ४५ ते ७५ अक्षरांची असावी, त्याहून लांब ओळीत नजर पुढची ओळ चुकते. ८० हा आकडा त्याच्या जवळ आहे. तेव्हा कार्ड, पडदा, बाजार हे सगळे निमित्त, आणि खरे कारण माणसाचा डोळा, असे म्हणता येईल. यातले अर्धे मला मान्य आहे. ८० रकाने वाचायला त्रासदायक असते तर लोकांनी ते केव्हाच टाकले असते. डोळ्याने या मापाला विरोध केला नाही, म्हणून ते टिकायला मदत झाली. पण डोळ्याने ते निवडले असे म्हणण्यास काहीच आधार नाही. शिवाय प्रोग्रॅमची ओळ गद्यासारखी नसते. तिच्या डावीकडे बरीच जागा मोकळी सुटते. हाच मुद्दा २०२० मध्ये कर्नलच्या वादात आला. कर्नलमध्ये ८० रकान्यांपुढे गेलेल्या ओळीवर तपासणी प्रोग्रॅम इशारा देत असे. त्या वर्षी ती सीमा १०० वर नेण्यात आली, आणि ओळी उगाच मोडल्याने वाचणे अवघड होते हा टोरव्हाल्ड्स यांचा युक्तिवाद होता. पायथॉनच्या लेखनसंकेतात मात्र ७९ ची सीमा आजही आहे, आणि तिथले एक कारण दोन फाइली शेजारी शेजारी उघडता याव्यात हे आहे. म्हणजे वाचनाच्या सोयीचा विचार दोन्ही बाजूंनी होतो आणि दोन वेगळ्या आकड्यांवर पोहोचतो. सीमा १०० वर गेली तरी टर्मिनलाची विंडो ८० वरच उघडत राहिली, कारण ती सीमा माणसांमधला संकेत होती आणि विंडोचे माप प्रोग्रॅमांमधला.

मायक्रोसॉफ्टने विंडोज टर्मिनलचे मूळ माप १२० बाय ३० ठेवले. त्यावरून जुने माप सोडणे सहज शक्य आहे, असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर आहे, पण त्याने वरचा मुद्दा खोडला जात नाही. ही विंडो वेगळ्या मापाने उघडते ती करारातल्या नव्या कलमाच्या आधारानेच: माप कळवायची सोय आता सर्वत्र आहे. आणि तिथेही निवडलेले आकडे जुन्यांहून मोठे आहेत, लहान नाहीत. ८० बाय २४ पेक्षा मोठ्या विंडोत जुना प्रोग्रॅम चालतो, लहान विंडोत चालत नाही. मूळ माप वाढू शकते, घटू शकत नाही, एवढी या कराराची पकड अजून आहे.

या कराराचे आणखी एक कलम आहे, ते कधी लिहिले गेले नाही आणि मराठी वाचकाला तेच सर्वांत जास्त भिडते: एक अक्षर, एक घर. कार्डाच्या रकान्यात एक खूण मावे, पडद्याच्या घरात एक अक्षर. रोमन लिपीत हे निभते. चिनी आणि जपानी अक्षरांसाठी दोन घरांची तरतूद झाली, आणि कोणते अक्षर किती घरे घेते याचा एक तक्ता मार्कुस कून यांनी तयार केला, जो अनेक प्रोग्रॅमांनी आधाराला घेतला. देवनागरीपुढे हा हिशेब अडतो. ‘स्त्री’ हे एक अक्षर संगणकाच्या दृष्टीने सहा चिन्हे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. एका तक्त्याप्रमाणे ईकाराला घर मिळते, दुसऱ्याप्रमाणे मिळत नाही. जोडाक्षराची प्रत्यक्ष रुंदी फाँट ठरवतो. आणि ऱ्हस्व इकार तर व्यंजनाच्या आधी काढावा लागतो. टर्मिनल एक रुंदी मोजते, आत चालणारा संपादक दुसरी, आणि कर्सर अक्षराच्या मध्येच कुठेतरी उभा राहतो. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्राने पर्सनल कॉम्प्युटरच्या अक्षरी पडद्यावर, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतही, भारतीय लिप्या दाखवल्या होत्या; एमएलटर्मसारख्या टर्मिनलाने भारतीय लिप्यांची वेगळी सोय केली. पण विंडोचे माप बदलल्यावर जसा संकेत जातो, तसा अक्षराच्या रुंदीबद्दल टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्यात होणारा सर्वमान्य संवाद अजून रुळलेला नाही. तो रुळेपर्यंत विंडो ८० रकान्यांची असो की २४० ची, मराठी ओळ नेमकी कुठे संपते याबद्दल टर्मिनलाचे आणि संपादकाचे उत्तर वेगवेगळे येत राहील.